इंदूरचा दर, भोपाळचा दर: प्रोस्टेट कॅन्सरच्या मृत्यूंची तुलना कशी करावी

प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरच्या मृत्यूंचा आकडा हाती आला, की तो किती मोठा हे बघण्याआधी तो कुठल्या वहीतून आला ते बघावे. वह्या तीन आहेत, आणि तिन्हींचे हिशेब वेगळे.

पहिली वही रुग्णालयाची. इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात किंवा शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात वर्षभरात प्रोस्टेटचे किती रोगी आले आणि किती दगावले, हे तिच्यात सापडते. पण देवास, धार, खरगोन, खंडवा, झाबुआ असा सगळा माळवा-निमाड उपचाराला इंदूरला येतो. त्या आकड्याला भागायला खाली कुठली लोकसंख्या घ्यायची हेच ठरत नाही, आणि छेद नाही तर दर नाही. ‘अमुक रुग्णालयात रोगी दीडपट झाले’ या बातमीमागे नवे मशीन असेल, आयुष्मान कार्डाची सोय असेल, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातला सर्जन निवृत्त झाला असेल. रोग वाढला असेलही, पण ही वही ते सांगू शकत नाही.

दुसरी वही लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीची. ठरलेल्या हद्दीतल्या प्रत्येक रहिवासी रोग्याची नोंद तिच्यात होते, मग त्याची बायोप्सी मुंबईत का झालेली असेना. भारतातली अशी पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. पुढे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ती इतर शहरांत गेली, आणि मध्य प्रदेशात वायुदुर्घटनेनंतर भोपाळला नोंदणी उभी राहिली. रहिवासी कोण, तर त्या हद्दीत निदान एक वर्ष राहिलेला माणूस. उपचारासाठी तीन महिने भाच्याकडे येऊन राहिलेले मामा त्यात धरत नाहीत. म्हणून इंदूरच्या एखाद्या रुग्णालयाचा आकडा भोपाळच्या नोंदणीच्या आकड्याशेजारी मांडणे हा पायातच चुकलेला हिशेब आहे.

तिसरी वही नगर निगमची, जन्म-मृत्यू नोंदणीची. इथे मेख अशी, की मृत्यू जिथे झाला तिथे नोंदवला जातो. टाटा रुग्णालयात उपचार घेताना मुंबईत वारलेला इंदूरकर मुंबईच्या रजिस्टरात जातो आणि इंदूरला येऊन वारलेला झाबुआचा शेतकरी इंदूरच्या. नगर निगमकडून आकडे मागताना ‘इंदूरला झालेले मृत्यू’ न मागता ‘नेहमीचा पत्ता इंदूरचा असलेले मृत्यू’ असे लिहून मागावे. पत्त्याचा रकाना नोंदणीच्या फॉर्ममध्ये असतो.

फॉर्म ४ वर काय लिहिले जाते

तुलनेतला सर्वांत मोठा घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी फॉर्म ४-क अशी मृत्यूच्या कारणाची वैद्यकीय प्रमाणपत्रे असतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सर्व वैद्यकीय संस्थांना कारणाचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. नगर निगममधून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कारण छापलेले नसते. कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. दाखल्यांच्या झेरॉक्स गोळा करून कारणे मोजता येतील असे समजून कामाला लागणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

फॉर्मचा पहिला भाग साखळीसारखा भरायचा असतो. वरच्या ओळीवर शेवटचे, तातडीचे कारण, त्याखाली ते कशामुळे झाले, आणि सर्वांत खाली जिथून सगळे सुरू झाले तो मूळ आजार. प्रत्येक ओळीपुढे तो किती काळ होता तेही. साखळीत न बसणारे, पण मृत्यूला हातभार लावणारे आजार दुसऱ्या भागात. नीट भरलेला कागद असा दिसतो:

भाग एक
क. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग: ३ दिवस
ख. मूत्रमार्ग अडून मूत्रपिंडे निकामी: २ महिने
ग. प्रोस्टेटचा ॲडिनोकार्सिनोमा, हाडांत पसरलेला: ४ वर्षे

भाग दोन
मधुमेह: १२ वर्षे

हा मृत्यू आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या सी-६१ या खात्यात, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये जमा होतो. आता याच माणसाच्या कागदावर ‘क. हृदय व श्वसन बंद, ख. वृद्धापकाळ’ एवढेच लिहिले, तर तो आर-५४ मध्ये, म्हणजे म्हातारपणात जातो. हृदय आणि श्वास बंद पडणे ही मरणाची व्याख्या झाली, ते कारण नव्हे. पण रात्री दोन वाजता फॉर्म भरणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला तेच सर्वांत सोयीचे पडते. तिसरी गफलत म्हणजे ‘हाडांचा कॅन्सर’ असे मोघम लिहिणे. प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीच्या कण्यात, कमरेच्या हाडात उतरतो, घरचे लोकही तेच सांगतात, आणि मृत्यू भलत्याच खात्यात किंवा ‘मूळ ठिकाण अज्ञात’ या सी-८० मध्ये जाऊन पडतो.

उलट चूकही होते. दहा वर्षांपूर्वी सौम्य प्रोस्टेट कॅन्सर सापडला, उपचार झाले, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) शांत आहे, आणि माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला. अशा वेळी कॅन्सर भाग दोनमध्ये लिहायचा. तो भाग एकच्या तळाशी लिहिला की मृत्यू फुकट प्रोस्टेटच्या नावावर चढतो. अमेरिकेत १९९० च्या सुमारास मृत्युदरात जो उंचवटा दिसतो, तो काही अंशी अशा शिक्क्यामुळे आला असावा असे तिथल्या संशोधकांनीच मांडले आहे. पीएसएमुळे एकाएकी लाखो पुरुषांच्या फायलीवर निदान आले, आणि ते कुठल्याही कारणाने गेले तरी ते निदान कागदावर उमटू लागले.

भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण लिहिलेले मृत्यू सुमारे २२.५ टक्के होते. गोव्यात जवळजवळ सगळ्याच मृत्यूंना कारण लिहिलेले असते आणि मध्य प्रदेश या बाबतीत बराच मागे आहे. गोवा आणि मध्य प्रदेश यांचे प्रोस्टेटचे मृत्यू थेट शेजारी मांडले तर बहुधा डॉक्टरांच्या लिहिण्याच्या सवयीचीच तुलना होते. म्हणून कुठल्याही दोन भागांचे दर बघण्याआधी तीन टक्केवाऱ्या शोधून काढा: एकूण मृत्यूंपैकी कारण लिहिलेले किती, त्यांतले ‘म्हातारपण’ व तत्सम अस्पष्ट कारणांचे किती, आणि कॅन्सरच्या मृत्यूंपैकी ‘मूळ ठिकाण अज्ञात’ किती. या तिन्हींत दोन भागांमध्ये मोठी तफावत असेल, तर पुढचा हिशेब करावा, पण निष्कर्ष काढू नये.

हिशेब

प्रोस्टेटचा कॅन्सर उतारवयातला. अमेरिकेत त्याने जाणाऱ्यांचे मध्यम वय ऐंशीच्या जवळ आहे. त्यामुळे जिथे म्हातारे जास्त, तिथे मृत्यू जास्त दिसणारच. पीथमपूरसारखी कामगारांची तरुण वस्ती आणि मुले पुण्या-बंगळूरला गेलेल्या जुन्या वाड्यांची गल्ली यांचा कच्चा दर ताडून काही कळत नाही. वयाचा फरक काढून टाकावा लागतो. खालची दोन गावे कल्पित आहेत, आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते.

| वयोगट | अ: पुरुष | अ: ५ वर्षांतले मृत्यू | ब: पुरुष | ब: ५ वर्षांतले मृत्यू | प्रमाण लोकसंख्या |
|---|---|---|---|---|---|
| ५० च्या आत | १,६४,००० | ० | ७२,००० | ० | ८०,००० |
| ५०–५९ | २०,००० | ४ | १३,००० | २ | ९,००० |
| ६०–६९ | ११,००० | ११ | ९,००० | ८ | ७,००० |
| ७०–७९ | ४,००० | १४ | ४,५०० | १४ | ३,००० |
| ८० व पुढे | १,००० | १० | १,५०० | १३ | १,००० |

शेवटचा रकाना जपानी संशोधक सेगी यांच्या जागतिक प्रमाण लोकसंख्येचा, म्हणजे तुलनेसाठी सगळ्यांना सारखीच लावायच्या एका ठरावीक वयरचनेचा आहे. भारतातल्या कर्करोग नोंदण्या तीच वापरतात.

आधी कच्चा दर काढा. अ गावात २ लाख पुरुष, ५ वर्षे, म्हणजे १० लाख पुरुषवर्षे, आणि मृत्यू ३९. दर लाखी ३.९. ब गावात ५ लाख पुरुषवर्षे आणि ३७ मृत्यू, म्हणजे ७.४. ब गाव जवळपास दुप्पट वाईट दिसते.

आता प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढा. अ गावात ८० व पुढच्या गटात १,००० पुरुष गुणिले ५, म्हणजे ५,००० पुरुषवर्षांत १० मृत्यू, दर लाखी २००. असेच खालून वर गेलात की अ चे दर २००, ७०, २० आणि ४ येतात, ब चे १७३.३, ६२.२, १७.८ आणि ३.१. प्रत्येक दराला त्या गटाच्या प्रमाण लोकसंख्येच्या वाट्याने गुणा (८० च्या पुढे ०.०१, सत्तरीत ०.०३, साठीत ०.०७, पन्नाशीत ०.०९) आणि बेरीज करा. अ चा वयप्रमाणित दर ५.९ येतो, ब चा ५.१. पारडे फिरले.

फिरले, तरी अ गाव वाईट असे म्हणायची घाई नको. मृत्यू थोडे आहेत. ढोबळ अंदाजासाठी मृत्यूंच्या संख्येचे वर्गमूळ काढून दुप्पट करा: ३९ चे वर्गमूळ ६.२, दुप्पट १२.५, म्हणजे ३९ च्या सुमारे ३२ टक्के. तेवढी सूट वयप्रमाणित दराला दोन्हीकडे दिली, की अ चा पल्ला ४.० ते ७.७ आणि ब चा ३.४ ते ६.८ होतो. दोन्ही पल्ले एकमेकांवर चढलेले आहेत, म्हणजे दोन गावांत फरक आहे असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

याच तक्त्यावर फॉर्म ४ चा परिणाम बघा. अ गावात ऐंशीच्या पुढचे फक्त चार मृत्यू ‘म्हातारपणा’तून काढून बरोबर खात्यात टाकले, तर त्या गटाचा दर २०० वरून २८० होतो आणि वयप्रमाणित दर ५.९ वरून ६.७. चार कागदांनी पडलेला हा फरक दोन गावांमधल्या मूळ फरकापेक्षा मोठा आहे.

बिघाड आणखी दोन ठिकाणी होतो. वय अंदाजे सांगितले जाते, म्हणून ६०, ७०, ८० या आकड्यांवर गर्दी होते. ‘ऐंशी असतील’ म्हटलेले आजोबा खरे ७७ चे असले की दोन्ही गटांचे दर बिघडतात. एकेका वर्षाच्या वयावर किती नोंदी आहेत ते आधी मोजून बघावे, शेवटी शून्य किंवा पाच असलेली वये फार उंच दिसली तर दहा-दहा वर्षांचे मोठे गट घ्यावेत आणि त्यांच्या सीमा ५५, ६५, ७५ अशा ठेवाव्यात. दुसरे, छेद. इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३२.७७ लाख होती. आजचे मृत्यू त्या जनगणनेच्या म्हाताऱ्यांनी भागले आणि दरम्यान सत्तरीपुढचे पुरुष प्रत्यक्षात ४० टक्क्यांनी वाढलेले असले, तर त्या गटाचा दर ४० टक्के फुगलेला निघेल. प्रक्षेपित लोकसंख्या, म्हणजे जनगणनेवरून पुढच्या वर्षांसाठी अंदाजलेली, घ्या आणि ती वयोगटवार घ्या. एकूण लोकसंख्या वाढवून जुन्या टक्केवारीने वाटू नका.

जगाचे आकडे शेजारी ठेवताना

ग्लोबोकॅन या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात प्रोस्टेट कॅन्सरचे सुमारे १४.७ लाख नवे रोगी आणि ३.९७ लाख मृत्यू झाले. वयप्रमाणित दर दर लाखी नव्या रोग्यांचा २९.४, मृत्यूंचा ७.३. नवे रोगी सर्वाधिक उत्तर युरोप, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, उत्तर अमेरिका या भागांत. मृत्युदर मात्र सर्वांत चढा कॅरिबियन बेटांत आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. भारत ज्या दक्षिण-मध्य आशियात मोडतो, तिथे तो सर्वांत कमी असणाऱ्यांत आहे. हे दोन नकाशे जुळत नाहीत, कारण नव्या रोग्यांचा दर पीएसए तपासणी किती होते यावर नाचतो. ज्याने माणसाला कधीच त्रास दिला नसता असा कॅन्सरही पीएसएने सापडतो. मृत्युदर तपासणीवर इतका हलत नाही, म्हणून दोन देश ताडताना तो जास्त भरवशाचा. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत धोका मुळातच जास्त दिसतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. त्यात उशिरा निदान आणि उपचारांची ओढाताण याही गोष्टी मिसळलेल्या आहेत.

भारताचे २०२२ चे अंदाज सुमारे ३८ हजार नवे रोगी आणि १८ हजार मृत्यू. मृत्यूंना नव्या रोग्यांनी भागले तर जगात ०.२७ आणि भारतात ०.४८ येतो, म्हणजे आपल्याकडे उशिरा सापडते, असे पटकन म्हटले जाते. उशिरा सापडते हे खरेच, ओपीडीत लघवीच्या तक्रारीपेक्षा कंबरदुखीने आलेला रोगी नवलाचा नाही. पण हा भागाकार त्याचा पुरावा म्हणून वापरू नये. देशभर कारणांची पूर्ण नोंद नसल्याने भारताचे मृत्यू नोंदणीतले नवे रोगी आणि जगण्याचे प्रमाण यांवरून प्रारूपाने काढलेले असतात. उत्तर आधीच गणितात घालून तेच बाहेर काढल्यासारखे होते.

प्रमाण लोकसंख्या तपासल्याशिवाय दोन तक्ते कधीच एकत्र करू नका. अमेरिकेचे स्वतःचे अहवाल प्रोस्टेटचा मृत्युदर दर लाखी १९ च्या आसपास सांगतात, ग्लोबोकॅनमध्ये त्याच देशाचा दर ८ च्या आसपास दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. अमेरिका स्वतःची २००० सालची लोकसंख्या प्रमाण धरते, तिच्यात म्हातारे बरेच जास्त. सेगीच्या लोकसंख्येत ८० च्या पुढचे १ टक्का, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या प्रमाणात दीड टक्का. एवढ्यानेही प्रोस्टेटचा दर हलतो. अशा तक्त्यांतला ‘० ते ७४ वयापर्यंतचा एकत्रित धोका’ हा रकाना स्तनाच्या कॅन्सरला ठीक आहे, पण इथे तो मृत्यूंचा मोठा भाग दाराबाहेर ठेवतो.

वर्षांची रेघ

कल काढायचा तर निदान दहा वर्षांचे वयप्रमाणित दर हवेत. ग्लोबोकॅनच्या २०१८, २०२० आणि २०२२ च्या आवृत्त्या जोडून रेघ काढू नका. प्रत्येक आवृत्तीत पद्धत आणि आधार बदलतात, आणि तशी तुलना करू नये असे ती संस्था स्वतःच सांगते. एका नोंदणीचे, एका हद्दीचे, एका प्रमाणाचे आकडे घ्या. दर १० वर्षांत ४.० वरून ५.२ झाला तर ५.२ भागिले ४.० म्हणजे १.३, त्याचे दहावे मूळ १.०२७, म्हणजे वर्षाला सुमारे २.७ टक्के वाढ. ३० टक्क्यांना १० ने भागून ३ टक्के म्हणायचे नाही. रेघ मध्येच वळली असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा जॉइनपॉइंट हा फुकट प्रोग्रॅम वळणाचे वर्ष शोधून देतो. आलेख लॉगच्या मापावर काढा, म्हणजे समान टक्क्यांची वाढ समान उताराची दिसते.

वळण सापडले की कारण लावण्याचा मोह होतो. अमेरिकेचा मृत्युदर १९९३ च्या सुमारास शिखरावर होता, तिथून पुढच्या दोन दशकांत तो जवळपास निम्मा झाला आणि मग उतार मंदावला. श्रेय सगळे पीएसएला देणे अवघड आहे, कारण तपासणी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पसरली, आणि हा कॅन्सर सापडल्यापासून मृत्यूपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे घेतो. इतक्या लवकर उतार लागला त्यात उपचारांचाही हात असणार. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय तपासणी मोहीम नसतानाही १९९० च्या दशकापासून दर उतरला. उलट बाजूने, २०१२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने सरसकट पीएसए नको म्हटले, त्यानंतर पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रोगी वाढले, आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयासाठी डॉक्टरांशी बोलून ठरवा अशी दुरुस्ती आली. निदानाच्या आकड्यातला बदल मृत्यूच्या आकड्यात दिसायला किती वर्षे जावी लागतात, हे त्या दोन तारखा धरून बघण्याजोगे आहे.

भारतात दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम या शहरांच्या नोंदणीत प्रोस्टेट पुरुषांत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचल्याचे दिसले आहे. मृत्यूंची संख्या तर वाढणारच, कारण म्हातारे वाढताहेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये जगातले वार्षिक नवे रोगी २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाख होतील असा अंदाज दिला. संख्या वाढली आणि वयप्रमाणित दर तसाच राहिला, तर खाटा वाढवायच्या. दरही वाढला तर रोगात किंवा नोंदीत काय बदलले ते शोधायचे.

वॉर्डांचा नकाशा

इंदूरचे वॉर्ड रंगवण्याची हौस अनेकांना असते. वॉर्डात मृत्यू इतके थोडे असतात की थेट दर काढूच नये. संपूर्ण शहराचे वयोगटवार दर त्या वॉर्डाच्या पुरुषांना लावून ‘अपेक्षित मृत्यू’ काढावेत आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्याने भागावे. समजा अपेक्षित २.५ आणि प्रत्यक्ष ५. गुणोत्तर २ आले, नकाशात वॉर्ड लालभडक झाला. पण ५ मृत्यूंचा ९५ टक्के पल्ला १.६ ते ११.७ असा असतो, म्हणजे गुणोत्तर ०.६५ पासून ४.७ पर्यंत कुठेही असू शकते. असा वॉर्ड राखाडी ठेवा. शेजारचे वॉर्ड जोडून अपेक्षित मृत्यू निदान २० होईपर्यंत रंग भरू नका.

नकाशाखाली एक टीप हवी: आकडे कुठल्या वहीतले, रहिवासी धरले की मृत्यूचे ठिकाण, प्रमाण लोकसंख्या कोणती, कारण न लिहिलेले मृत्यू किती टक्के, छेद कुठल्या वर्षाच्या प्रक्षेपणाचा, आणि २०२० व २०२१ ही कोविडची दोन वर्षे हिशेबात धरली आहेत की वगळली.